तुम्ही विचारलेत म्हणून: बॉनेटखालची प्लास्टिकची कव्हरे काढावीत का?

गाड्यांच्या दुरुस्तीत बरीच वर्षे गेल्यामुळे लग्नाच्या पंगतीतही माझ्याकडे गाडीचाच विषय निघतो, आणि हल्ली सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न असा असतो : ‘बॉनेट उघडले की इंजिनावर प्लास्टिकचे कव्हर दिसते, ते काढून टाकले तर इंजिन गार राहील ना?’ विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते, कारण कोणा मिस्त्रीने त्याला ‘साहेब, ते नुसते शोभेचे आहे’ असे सांगितलेले असते.

मिस्त्रीचे म्हणणे निम्मे खरे आहे. इंजिनाच्या माथ्यावर कंपनीचे नाव मिरवणारे जे कव्हर असते, त्याच्या आतल्या बाजूला बहुधा फोमचा जाड थर असतो आणि त्याचे मुख्य काम आवाज दाबण्याचे असते. गारव्याशी त्याचा संबंध फार थोडा. इंजिनाला गार ठेवणाऱ्या द्रवाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा सांभाळतात. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ती साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागते आणि इंजिनाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवते, त्यामुळे वरचे कव्हर काढल्याने डॅशबोर्डवरचा काटा खाली येईल अशी आशा धरू नये. गाडी बंद केल्यावर वर चढणारी धग त्या कव्हराखाली काही वेळ कोंडते, एवढे मात्र खरे.

माझ्या स्वतःच्या डिझेल गाडीचे कव्हर मी चार वर्षांपूर्वी काढले, पण ते धगीसाठी नव्हे. एका सकाळी इंजिनाचा दिवा लागला म्हणून कव्हर उचलले, तर उंदराने त्याचा फोम कुरतडून वाटीएवढे घरटे केलेले होते, त्यात शेंगांची टरफले आणि आमच्याच पायपुसण्याचे धागे होते, आणि शेजारून जाणाऱ्या इंजेक्टरच्या वायरीचे आवरण बोटभर सोललेले होते. उंदराला उबदार छप्पर आणि गादी दोन्ही आपणच पुरवतो आहोत हे पाहिल्यावर मी ते कव्हर परत बसवले नाही. पहिल्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ‘कोणाचा ट्रॅक्टर आला?’ असे विचारले. काचा लावून आत बसल्यावर फरक फारसा जाणवत नाही.

काढा असे खुद्द कंपनीने सांगितल्याचेही उदाहरण आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनने आपल्या अॅटलस गाड्या परत बोलावल्या, त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. कव्हर निसटून गरम भागांना टेकले तर आग लागण्याचा धोका होता, आणि त्यावर उपाय म्हणून ते कव्हरच काढून टाकायचे ठरले.

तरीही पेट्रोल गाडीवाल्यांना मी जरा थांबवतो. अशा बहुतेक इंजिनांत स्पार्क प्लगच्या विहिरी वरच्या बाजूला असतात आणि त्यांवर प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल बसवलेल्या असतात. चिपळूणच्या आमच्या साडूंनी कव्हर काढून ठेवले होते, आणि धुलाई केंद्रातल्या मुलाने प्रेशरचे पाणी थेट इंजिनावर मारले. दुसऱ्या दिवशी कराडला आमच्याकडे येताना कुंभार्ली घाटात गाडी मिसिंग करू लागली आणि धक्के खातच दारात पोचली. कॉइल उपसून पाहिल्या, तर एका विहिरीत चमचाभर पाणी साचलेले. शिवाय काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा त्या कव्हराचाच भाग असतो. तेथे काढण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा खरा राग आहे तो बाकीच्या प्लास्टिकवर हात टाकणाऱ्यांवर. गाडीच्या तोंडाची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधली फट झाकणारी जी सपाट पट्टी असते, तिच्या क्लिपा प्रत्येक सर्व्हिसिंगला एकदोन हरवतात, आणि शेवटी पट्टीच कोपऱ्यात पडून राहते. ती आणि रेडिएटरच्या बाजूचे पडदे नसले, की समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी सोप्या वाटेने वरून आणि कडेने निसटते, आणि गाडी सिग्नलला उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असल्याने आधी एसीचा गारवा कमी होतो. मे महिन्यात भरलेली गाडी खंबाटकी चढत असेल तर मग काटाही चढतो. म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी काढलेले प्लास्टिकच ते तापवते. इंजिनाखालचा पत्रा किंवा प्लास्टिकचा तळही असाच. ऑइल बदलताना काढला आणि बोल्ट गंजले म्हणून लावलाच नाही, तर पावसाळ्यात चिखलपाणी थेट इंजिनाच्या बेल्टवर आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर उडते.

वायपरखालची जाळी काढावी, पण वर्षातून एकदा, मेअखेरीस, साफसफाईपुरती. गुलमोहराखाली गाडी उभी करणाऱ्यांनी तर अवश्य, कारण त्याची बारीक पाने जाळीतून आत जाऊन पाणी जाण्याच्या भोकात काथ्यासारखी घट्ट बसतात, आणि मग तुंबलेले पाणी ब्लोअरच्या वाटेने पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांखालच्या गालिच्यात उतरते. पाने उपसून, तांब्याभर पाणी ओतून ते चाकाजवळून खाली पडते का हे पाहावे आणि जाळी परत बसवावी.

तेव्हा वॉरंटी संपलेली असेल, एअर फिल्टर वेगळा असेल आणि उंदरांचा उपद्रव असेल, तर फक्त माथ्यावरचे कव्हर काढायला माझी हरकत नाही. इंजिन थंड असताना, दोन्ही हातांनी, एकेक टोक सरळ वर उचलावे. झटका दिला तर खालच्या खुंट्या मोडतात. खुंट्यांवरच्या रबरी बुशा एका पिशवीत घालून कव्हरालाच बांधून ठेवाव्यात. माझे कव्हर तसेच पोटमाळ्यावर आहे. गाडी विकायची वेळ आली की फोम बदलून बसवून देईन, कारण गिऱ्हाईक बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा तेच शोधते.