बैलाच्या गळ्यातले मणी

जाऊबाईंची माळ तुटली ती भर पंगतीत. वरणाची बादली घेऊन त्या वाढायला वाकल्या, पदर माळेत अडकला आणि मी पंधरा दिवस डोळे फोडून ओवलेले मणी पत्रावळ्यांवर, भातात, पाहुण्यांच्या मांड्यांवर सांडले. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी वरणातून दोन मणी बोटानं काढले, द्रोणाच्या कडेला ठेवले आणि जेवण पुढं सुरू केलं. जाऊबाई हसल्या. "जाऊ दे वो, पोट्ट्यायनं तं डाळच समजली असंन." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गंज-पातेली घासत बसले.

ती माझी पहिली माळ. लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली.

हे मणी-प्रकरण सुरू झालं मागच्या उन्हाळ्यात. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, तूर घरात आली की चैत्र-वैशाखाच्या दुपारी बायकांच्या हाताला काम नसतं, आणि बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. कामासाठी हे नागपूरला गेले होते, तेव्हा इतवारी बाजारातून मण्यांची पाकिटं आणायला सांगितली. मी सांगितलं, "बारीक आणा." यांनी दुकानात विचारलं, त्यानं अकरा नंबर दिला. या धंद्यात नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, हे मला तेव्हा कळलं. अकरा नंबरचा मणी दोन मिलीमीटरच्या आसपास. एका ग्रॅमात शंभरेक बसतात. नवशिकीनं आठ नंबर घ्यावा, तो तीन मिलीमीटरचा असतो आणि साध्या बारीक सुईनंही ओवता येतो. अकरा नंबरला मण्याचीच लांब सुई लागते, आणि ती आठ दिवसांत वाकते.

पहिल्या दिवशी मी पाकीट फोडून स्टीलच्या ताटात ओतलं आणि पंखा लावला. पुढचं सांगायला नको. अंगण सारवलेलं, मणी हिरवे. कोंबडीनं आठ-दहा तरी टिपले असतील. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या पोटात खडे असतातच, काई होत नाही." कोंबडीला खरंच काही झालं नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही, पण मणी निवडण्यात माझ्यापेक्षा त्या वरचढ निघाल्या. स्वस्तातले मणी एकसारखे नसतात. काही चपटे, काही लांबट, काहींना भोकच नाही. तसेच ओवले की माळ सापासारखी वळते. मी एक-एक मणी नखावर घेऊन पाहत होते. आत्याबाईंनी रव्याची चाळणी आणली, मणी त्यात घातले आणि दोनदा गाळले. बारीक चुरा खाली गेला, वरचे मणी सुपात घेऊन त्यांनी पाखडले, तर फुटके आणि अर्धवट पुढं आले. "ज्वारी निवडतो तसंच हाय ना," म्हणाल्या. ताटाऐवजी जुनं टॉवेल अंथरायचं हेही त्यांचंच. टॉवेलवर मणी घरंगळत नाही आणि सुई टेकवली की वर चढतो.

रंगाची परीक्षा मात्र मी स्वतः शिकले. चमकदार गुलाबी मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवले, सकाळी फडकं गुलाबी आणि मणी फिकट. नुसता वरून रंग दिलेला होता. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घामानं ती माळ दोन दिवसांत गळ्यावर उतरली असती.

तर जाऊबाईंची माळ. पंगत उठल्यावर मी दोरा शोधून काढला. तंगूस होता, मासे धरायचा असतो तसला. मला वाटलं होतं मण्याच्या धारेनं कापला असेल, काचेच्या भोकाची कड खरंच धारदार असते. पण दोरा अखंड होता. गाठ सुटली होती. तंगूस गुळगुळीत आणि ताठ, त्याला नुसती दुहेरी गाठ मारली की ती हळूहळू सरकत सुटते. त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब टाकायला हवा होता, किंवा दोराच दुसरा घ्यायला हवा होता. मी दोन्ही केलं नव्हतं. रंग जुळवण्यात आठ दिवस घालवले आणि गाठीला अर्धा मिनिट दिला.

मधल्या काळात नणंदेच्या मुलीला लवचिक दोऱ्याचं कडं केलं, मधे मधे पिवळ्या मण्याचं पाच पाकळ्यांचं फूल. तो दोरा गाठ मारण्याआधी चार-पाच वेळा ताणून घ्यायचा, नाहीतर महिन्याभरात कडं कोपरापर्यंत चढतं. पोरगी खूश. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गुंजांचा मोह मात्र मोठा होता. आमच्या शेताच्या धुऱ्यावर गुंजेचा वेल आहे. लाल, काळ्या टिकल्यांचा, रंग कधी न उडणारा. पूर्वी सोनार त्यानंच सोनं तोलत, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. मी मूठभर गोळा करून सुई तापवून भोक पाडायला बसले, तर आत्याबाईंनी हातातून वाटी काढून घेतली. घरात दीड वर्षाचं लेकरू. गुंज अख्खी गिळली तर तिच्या कडक सालीमुळे बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज मात्र जीव घेऊ शकते, विष आतल्या गरात असतं. वाटी चुलीत गेली. चुलीपासून लेकराला लांब धरून आत्याबाई मला बरंच काही बोलल्या, ते इथं लिहीत नाही.

आणि मग मायचं.

माय पांढरकवड्याकडच्या एका गावात भावाजवळ राहते. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिचा गळा मोकळा. कोणी तिला काही घालू नको म्हटलं नाही, तिनंही कधी विषय काढला नाही. दर दिवाळीला मी लुगडं नेते आणि ती ते पेटीत ठेवते. यावेळी मला तिच्या गळ्यासाठी काहीतरी करायचं होतं. कोणते मणी? काळे तर नाहीच. लाल-हिरवे दिले तर ती हसून "तुह्या पोरीले दे" म्हणणार. पांढरे दिले तर मला ते बघवणार नाहीत.

जूनमध्ये माहेरी गेले होते. पेरणीआधी भाऊ बैलांचा कोठा रिकामा करत होता. बैल दोन वर्षांपूर्वी विकले, दारात ट्रॅक्टर आहे. आढ्याला टांगलेल्या पोत्यातून बाबांची पोळ्याची सामग्री निघाली: बैलाच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या, गंजलेले घुंगरू, उंदरांनी कुरतडलेली झूल आणि एक जाड दोरीची माळ. निळे काचेचे मणी, मधे कवड्या. दृष्ट लागू नये म्हणून बैलाला निळे मणी बांधतात. ही शाम्याची माळ. पवळ्याची कुठं गेली कोण जाणे. भाऊ म्हणाला, "भंगारात देतो." मी पिशवीत टाकली.

घरी येऊन दोरी सोडायला बसले, तर सुटेना. बाबांनी प्रत्येक मण्याच्या पुढं-मागं गाठ मारली होती. वीस वर्षांच्या उन्हा-पावसानं आणि शेणा-मातीनं त्या गाठी दगड झाल्या होत्या. शेवटी ब्लेडनं एक-एक कापली. गाठी कापताना लक्षात आलं की ही दोरी कुठंही तुटली असती तरी फार तर एक मणी गेला असता. बैल काट्याकुट्यात घुसणारा, त्याची माळ अशीच बांधावी लागते. वरणाची बादली उचलणाऱ्या बाईचीही अशीच बांधायला हवी होती.

एकवीस मणी निघाले. भोकांत दोरीचे तुकडे आणि मळ बसलेला. रिठ्याचं पाणी उकळून त्यात टाकले, आणि घाईत गरम पाण्यातून काढून थेट माठाच्या गार पाण्यात बुडवले. टक् असा आवाज झाला. काच तापलेली असताना एकदम गार केली की बाहेरचा थर आधी आकसतो आणि आतला अजून फुगलेलाच असतो, त्या ताणानं ती तडकते. मला हे शाळेत शिकवलेलं होतं. एका मण्याचे दोन तुकडे झाले. बाकीचे वीस मी पाणी आपोआप निवेपर्यंत तसेच ठेवले. भोकं साफ करायला पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून, ओली करून फिरवली. त्यानं कडेची धारही मरते. एका मण्याला अर्धा-अर्धा तास. मी कंटाळून नागपूरला शिकणाऱ्या भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, मामी, काटोल रोडवर माहुरझरी गाव आहे ना, तिथं 1970 ते 72 मध्ये उत्खनन झालं, मोठमोठ्या शिळांची वर्तुळं आणि अकिकाचे मणी सापडले, त्या लोकांनी तर दगडाला भोकं पाडली होती. म्हटलं, बरं बाबा, माझं भोक तयारच आहे.

वीस मणी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले, 56 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाच तोळे. मायनं आयुष्यात एवढ्या वजनाचं काही गळ्यात घातलेलं नाही. या वजनाला तंगूस चालणार नव्हता आणि माझी गाठही चालणार नव्हती.

पांढरकवड्याच्या बाजारात एक म्हातारे पटवा बसतात. गळ्यातल्या पोती, डोरली गाठवून देतात. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, दोन्ही हातांनी पीळ देत, तोंडानं गिऱ्हाईकाशी बोलत. मी त्यांच्यासमोर मणी ठेवले.

"बैलाचे हायत हे," ते म्हणाले.

"हो काका. पण माणसासाठी गाठवायचे हायत."

"कोनासाठी?"

"मायसाठी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. लाल रेशमाची लडी सवयीनं हातात घेतली होती, ती खाली ठेवली आणि निळ्या दोऱ्याची काढली. काळ्या मण्यांची डबी झाकून बाजूला सरकवली. पुढं एक प्रश्न विचारला नाही. पैसे घेऊन गाठवून द्यायला ते तयार होते. मी म्हटलं मलाच शिकवा, मी तुमच्याजवळ बसते. त्यांना ते पटलं नाही, धंद्याची वेळ होती. पण उन्हं उतरल्यावर, गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा, त्यांनी आपल्या बाजूच्या पोत्यावर जागा करून दिली.

तासभरात जे शिकले ते एवढंच. नायलॉनचा वळलेला दोरा घ्यायचा; सुती आहे की नायलॉन हे दुकानदाराला विचारायचं नाही, टोक काडीनं पेटवायचं. सुताची राख होते, नायलॉन वितळून त्याची कडक गोळी होते. दोऱ्याला मेण लावायचं. मणी ओवला की गाठ सैल घालायची, तिच्यात सुई खुपसून सुईनंच ती मण्याच्या बुडाशी ओढत न्यायची आणि मग सुई काढून आवळायची. बोटानं आवळली तर गाठ अर्ध्या वाटेवरच बसते आणि मणी खुळखुळतो. शेवटी हूक नको, घामानं काळा पडतो. दोन्ही टोकं एकमेकांवर सरकत्या गाठीनं बांधायची, म्हणजे डोक्यातून घालून हवी तेवढी ओढता येते. टोकं उदबत्तीनं डागायची. माझ्या पहिल्या चार गाठी त्यांनी दाभणानं सोडल्या. पाचवी ठेवली.

"तुह्या बापानं कशी बांधली होती?" त्यांनी विचारलं.

मी कापलेल्या दोरीचा तुकडा पिशवीतून काढून दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "हेच हाय. जाड हाय फक्त."

मण्यांच्या मधे मी आठ नंबरचे मातकट रंगाचे मणी घातले, कवड्या नाही घातल्या. घरी बसून सगळी माळ दोनदा उसवली. बावीस इंच झाली. कापूस वेचताना माय वाकते, ओटी पुढं बांधलेली असते, तिच्यात माळ लोंबकळायला नको, म्हणून सरकत्या गाठीनं अठरापर्यंत वर घेता येईल अशी ठेवली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माहेरी पोचले. पूर्वी या संध्याकाळी बाबा बैलांचे खांदे शेकायचे, हळद आणि तूप लावून, पळसाच्या पानानं, आणि कानात म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता भावानं ट्रॅक्टर धुतला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकाडावर हार चढला, चाकांना गेरू लागला, वहिनीनं पुरणाच्या पोळीचा नैवेद्य बॉनेटवर ठेवला आणि तो उन्हानं गरम झालेल्या पत्र्यावर आणखी खरपूस झाला. पोरं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल रंगवत होती.

दुपारी सगळे तोरणाखाली पोळा पाहायला गेले. माय एकटी ओसरीत होती. मी कागदाची पुडी तिच्या हातात दिली.

तिनं उघडली. बराच वेळ काही बोलली नाही. मग एक मणी अंगठ्यानं पुसला, जसा बाबा बैल सजवताना पुसायचे तसा. मी म्हणणार होते की घाल नाहीतर ठेव, तुझी मर्जी. ते बोलायच्या आधीच तिनं माळ डोक्यातून घातली, गाठ ओढून वर घेतली आणि पदर सारखा केला. पदराखाली माळ दिसत नव्हती. फक्त ती हलली की काचेचा बारीक आवाज येत होता.

रात्री अंधारात आम्ही दोघी अंगणात बाजेवर पडलो होतो. मला वाटलं ती झोपली. तर तिची बोटं गळ्याशी चालली होती.

"एकवीस होते ना वो?"

मी गप्प.

"वीसच लागून राह्यले हाताले."

मग सांगावंच लागलं. उकळतं पाणी, माठाचं पाणी, सगळं.

"एकाचा कोपरा उडाला होता," माय म्हणाली. "शाम्यानं खुंट्यावर मान घासली तवा. तोच फुटला असंन."