ब्राउन रिंग, प्लस वन आणि दुपारची बॅच

आमच्या बीएस्सी सेकंड इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलची परीक्षा होऊन बरेच दिवस झाले, मार्क भरून पाठवले, एक्स्टर्नल सरांचं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचं, प्रवासाचं टीए बिल पण गेलं, म्हणजे विषय संपला म्हणायला हरकत नाही. पण तो दिवस काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय.

मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर शिकवतो. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, ते पण कधी पडतील ते देवाला माहीत. परीक्षेच्या आधी सोल्युशनं बनवा, पोरांनी ओळखायच्या सॉल्टच्या बाटल्यांवर नंबर टाका, पोरांच्या मागं लागून जर्नल पूर्ण करून घ्या, हे कुठल्याच तासात मोजत नाहीत. परमनंट मंडळी सहीपुरती येतात. असो, तो वेगळा लेख होईल.

परीक्षेच्या दिवशी पोरांचे मोबाईल आम्ही फ्यूम कपबोर्डमध्ये ठेवतो. विषारी गॅस बाहेर ओढून घ्यायचं कपाट असतं ते, पण आमच्याकडचा एक्झॉस्ट फॅन बंद पडला तेव्हापासून त्याला कुलूप लागतं एवढाच त्याचा उपयोग उरलाय. पेपर चालू असताना आतून सारखं गुं गुं वाजत राहतं, आणि लॅबमधले मामा दर वेळी म्हणतात, "सर, गॅस निघायलाय बघा."

आता ब्राउन रिंग. नायट्रेट ओळखायची ही टेस्ट बारावीला सगळ्यांनीच केलेली असते, आणि बहुतेकांची रिंग आलेली नसते, तरी जर्नलमध्ये "ब्राउन रिंग ऑब्झर्व्ड" असं छान अक्षरात लिहिलेलं असतं. रिंग न येण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा शिळं फेरस सल्फेट. ते सोल्युशन हवेत राहिलं की ऑक्सिडाइज होऊन पिवळट पडतं, मग त्यात फेरस, म्हणजे रिंगला लागणारं प्लस टूचं लोखंड, कमी आणि फेरिक, म्हणजे प्लस थ्रीचं, जास्त. मी परीक्षेच्या सकाळी ताजं बनवतो, हिरवट स्वच्छ खडे बघून घेतो, पाण्यात थोडं डायल्यूट सल्फ्युरिक टाकतो आणि बाटलीत एक स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा सोडतो. खिळ्यामुळं फेरिक झालं तरी परत फेरस होतं. हे पुस्तकात पण आहे, पण खिळा टाकायचे कष्ट घेणारे मी फार कमी बघितले. मग टेस्ट ट्यूब तिरपी धरायची, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक अॅसिड काचेच्या कडेनं हळू सोडायचं, ते जड असतं त्यामुळं गुपचूप तळाला जाऊन बसतं आणि दोन थर जिथं भेटतात तिथं तपकिरी कडं उमटतं. हलवलं की गेलं. गरम झालं की गेलं. सॉल्टमध्ये ब्रोमाइड-आयोडाइड असेल तर अॅसिडनं ब्रोमीन-आयोडीन सुटून वेगळाच तपकिरी रंग येतो आणि पोरं फसतात. सकाळच्या बॅचमध्ये ज्यांच्या सॉल्टमध्ये नायट्रेट होतं त्या सगळ्यांच्या रिंगा आल्या, एकदम काळ्या-तपकिरी, ठसठशीत. एक्स्टर्नल सरांनी पण एक ट्यूब उजेडात धरून बघितली. मी मनात म्हटलं, दिवस चांगला जाणार.

एक्स्टर्नल दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, रिटायरमेंटला टेकलेले, माणूस वाईट नाही, फक्त त्यांचे व्हायव्हाचे म्हणजे तोंडी परीक्षेचे प्रश्न ठरलेले आणि उत्तरंही ठरलेली. ब्राउन रिंगमध्ये आयर्नची ऑक्सिडेशन स्टेट काय? म्हणजे लोखंडानं किती इलेक्ट्रॉन गमावलेत? हा त्यांचा आवडता. पुस्तकी उत्तर प्लस वन. रिंगमध्ये जो कॉम्प्लेक्स असतो त्यात आयर्नला पाच पाण्याचे रेणू आणि नायट्रेटपासून तयार झालेला एक नायट्रिक ऑक्साइड (एनओ) चिकटलेला असतो, आणि आमची सगळी पुस्तकं सांगतात की नायट्रिक ऑक्साइड आपला एक इलेक्ट्रॉन आयर्नला देऊन एनओ प्लस होतो, म्हणून आयर्न प्लस टूचं प्लस वन. मी पण वर्गात हेच सांगितलेलं.

पहिली पोरगी म्हणाली, "प्लस थ्री."

सर हसले, शून्य टाकलं. दुसरा आला, प्लस थ्री. तिसरा, प्लस थ्री. चार-पाच जणांनंतर सरांनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हे कुणी शिकवलं यांना? सगळ्यांचं चूक एकसारखं कसं काय?" त्यांचा सूर असा की कुठलंतरी चुकीचं गाईड फोडलंय नाहीतर चिठ्ठी फिरलीय. खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटलं. म्हटलं, सर, परवानगी असेल तर एक प्रश्न मी विचारू का, आणि त्या पहिल्या पोरीला परत बोलवलं. सोनपेठकडून एसटीनं येणारी, वर्गात वर्षभर तिचा आवाज मी ऐकलेला नाही. विचारलं, "प्लस थ्री कामून?"

तिनं उत्तरपत्रिकेच्या मागं बाण काढायला सुरुवात केली. या कॉम्प्लेक्सचा मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चुंबकीय ताकदीचं माप, 3.87 येतो, म्हणजे तीन अनपेअर्ड, जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन, कारण सूत्रात त्या आकड्याला त्याच्यापेक्षा दोननं मोठ्या आकड्यानं गुणायचं, तीन गुणिले पाच पंधरा आणि पंधराचं वर्गमूळ 3.87. इथपर्यंत पुस्तकातलं. मग म्हणाली, आयर्न प्लस वन धरलं तर थ्री डी सेव्हन, म्हणजे थ्री डीमध्ये सात इलेक्ट्रॉन, त्यात तीन अनपेअर्ड, जमतं. पण सर प्लस थ्री धरलं तरी जमतं. पाणी वीक लिगँड आहे, चिकटलं तरी इलेक्ट्रॉनच्या जोड्या लावायला लावत नाही, म्हणून थ्री डी फाइव्हचे पाचही सुटे राहतात, आणि एनओ मायनस झाला तर त्यात नायट्रोजनचे सात अधिक ऑक्सिजनचे आठ अधिक घेतलेला एक, सोळा इलेक्ट्रॉन, म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूइतकेच, आणि ऑक्सिजनमध्ये दोन अनपेअर्ड असतात हे तुम्हीच एमओ (मॉलिक्युलर ऑर्बिटल) थिअरीत शिकवलंय. हे दोन उलट्या बाजूला तोंड करून बसले तर पाचातून दोन गेले, तीन राहिले.

पाच बाण वर, दोन बाण खाली. एक्स्टर्नल सर गप्प. मी पण गप्प. नायट्रिक ऑक्साइड इलेक्ट्रॉन देत नाही, उलट घेतो, असं ही पोरगी म्हणत होती, आणि हिशोबात कुठंच चूक नव्हती.

मग पुढच्या पोराला तेच विचारलं. तो म्हणाला, "ग्रुपवर आलं होतं सर." का? "ते नै माहीत." त्याच्या पुढचा तर कमाल, "सर, पुस्तकात प्लस वन हाय, ग्रुपवर प्लस थ्री हाय, तुम्ही कोणतं विचारायलेत?" प्लस थ्री म्हणणाऱ्यांत कारण सांगू शकले ते तीन-चार जण. बाकीच्यांनी प्लस थ्री तसाच पाठ केला होता जसा दरवर्षीची पोरं प्लस वन पाठ करतात.

ग्रुप म्हणजे कोणता ते मला नंतर कळालं. डिपार्टमेंटचा एक ऑफिशियल ग्रुप आहे, त्यात फक्त अॅडमिन बोलू शकतो, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, हजेरीची धमकी आणि एका सरांचे रोजचे सुविचार. पोरांचा ग्रुप वेगळा. परीक्षा संपल्यावर त्या पोरीनं मला फोनवर दाखवला. तिनंच एका रात्री विचारलं होतं, लोखंड तर प्लस टू नाहीतर प्लस थ्री असतं, हे प्लस वन कुठून आणलं. पहिलं उत्तर आलं, "पाठ कर ना ताई." दुसरं, हसणारे चेहरे. मग झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या एकानं मॅग्नेटिक मोमेंटचं गणित वहीच्या मागच्या पानावर करून फोटो टाकला. एकीनं त्याच फोटोवर लाल रेघ ओढून लिहिलं, हे प्लस थ्रीनं पण येतं का बघा. बारा वाजता नवीन डेटा आला की कुणीतरी व्हिडिओ शोधून टाकणार. एका पोराच्या घरी स्मार्टफोन एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात, त्याचे मेसेज रात्री साडेदहानंतरचे, पण सगळ्यात नेमके प्रश्न त्याचेच. आणि शेवटी त्या पोरीची व्हॉइस नोट, चार-पाच मिनिटांची, मागं म्हैस हंबरायलेली, "ऐका रे, आता पाचातून दोन कसे जातात ते सांगते." ही नोट मी दोनदा ऐकली. माझ्या लेक्चरपेक्षा बरी होती, हे कबूल करायला मला लाज नाही, कारण तिला मध्येच थांबवून "परत सांग" म्हणणारे होते, मला वर्गात कुणी म्हणत नाही.

ती नोट पुढं गेली तशी तिच्यातलं कारण गळत गेलं. पहिल्यांदा सगळी नोट, मग कुणीतरी लिहिलं "थोडक्यात प्लस थ्री", मग दुसऱ्या बॅचच्या ग्रुपवर नुसतं "ब्राउन रिंग प्लस थ्री इम्प". इम्प लिहिलं की संपलं, मग कुणी नोट उघडत नाही.

पण खरी गोष्ट दुपारी झाली.

सकाळची बॅच सुटली, मामांनी कुलूप उघडून मोबाईल दिले. आम्ही स्टाफरूममध्ये जेवलो, एक्स्टर्नल सर थोडे अस्वस्थ होते, म्हणाले पोरगी हुशार आहे पण असलं काहीतरी इंटरनेटवरचं वाचून येतात. दुपारची बॅच तोपर्यंत गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेली. दोन वाजता आत आली. पहिल्याला तोच प्रश्न. "प्लस वन." दुसरा, प्लस वन. तिसरी, प्लस वन. सगळी बॅच, एक पण प्लस थ्री नाही, आणि यांच्याच ग्रुपवर ते "इम्प" म्हणून फिरलेलं होतं. सर खुश. मला म्हणाले, "बघा, ही बॅच अभ्यासू आहे."

मी नंतर त्या पोरीच्या फोनवर बघितलं. सकाळच्या एका पोरानं बाहेर पडल्या पडल्या टाकलं होतं, "एक्स्टर्नल प्लस वनवाले हायेत, प्लस वनच सांगा, वाद घालू नका." खाली अंगठ्यांची रांग. ज्या ग्रुपनं एका प्रश्नावर कितीतरी रात्री भांडण केलं, त्यानं जेवणाच्या सुट्टीत पांढरं निशाण दाखवलं. आणि मला त्यांना नावं पण ठेवता येईनात, मार्क हवेत त्यांना, पुढं एमएस्सीला अॅडमिशन मार्कांवर आहे.

मागं एका ऑनलाईन एफडीपीत, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये (सर्टिफिकेटसाठी सगळेच करतात, कॅमेरा बंद ठेवून) हार्वर्डच्या एरिक माझूरबद्दल ऐकलं होतं. फिजिक्स शिकवणारा हा माणूस 1990 च्या दशकापासून वर्गात प्रश्न टाकतो, पोरं उत्तर देतात, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि परत उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढतात कारण कुणीतरी कारण सांगितलेलं असतं. ऐकताना वाटलं होतं, आपल्याकडं कुठं होणार हे. झालं की इथं, आमच्या परवानगीशिवाय, रात्री बारानंतरच्या डेटावर. फक्त दुसऱ्या वेळचं उत्तर टपरीवर एका फॉरवर्डनं बदललं.

मार्क देताना मी एक्स्टर्नल सरांशी थोडा भांडलो, म्हणजे सीएचबीवाला जेवढा भांडू शकतो तेवढा. त्या पोरीचं शून्य खोडून घेतलं. पूर्ण मार्क नाही मिळाले. "पुस्तकात असेल तेच मान्य करावं लागतं, उद्या कुणी रिचेक मागितलं तर?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण दुपारच्या एका पोराला, ज्याला नायट्रिक ऑक्साइडचं सूत्रसुद्धा लिहिता आलं नाही, त्याच प्रश्नावर तिच्यापेक्षा जास्त मिळाले, आणि त्या मार्क मेमोवर माझी पण सही आहे.

रात्री घरी बसून शोधलं. 2002 साली इनऑर्गॅनिक केमिस्ट्री या जर्नलमध्ये याच रिअॅक्शनवर पेपर आलेला आहे, त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की पदवीच्या पुस्तकातली रिअॅक्शन परत तपासली, आणि त्यांचं म्हणणं आयर्न थ्री आणि एनओ मायनस. 2019 ला म्युनिकच्या लोकांनी या कॉम्प्लेक्सचे क्रिस्टल पण मिळवले. तरी प्लस थ्री हेही शेवटचं उत्तर असं नाही, तो इलेक्ट्रॉन नेमका कुणाचा हे तितकं सरळ नाही, पण प्लस वन मात्र मागं पडलंय. पोरगी हवेतलं बोलत नव्हती. पेपरची लिंक मी एक्स्टर्नल सरांना पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, सकाळी सूर्यफुलाचं सुप्रभात आलं, त्यावर दुसरं काही नाही.

पोरं म्हणाली, सर तुम्हाला ग्रुपमध्ये घेतो. मी नको म्हटलं. आमच्याकडं दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एक मॅडम अशाच एका ग्रुपमध्ये गेल्या होत्या, आठवड्यात तिथं फक्त "येस मॅम" उरलं आणि पोरांनी गुपचूप दुसरा ग्रुप काढला. त्यापेक्षा त्यांचं त्यांनी भांडत राहावं. पण मग चुकीचं काही फिरलं तर ते मला व्हायव्हाच्या टेबलावरच कळणार, हे पण आहे. याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तोपर्यंत एवढं केलंय की त्यानंतरच्या प्रॅक्टिकलपासून व्हायव्हात उत्तरानंतर "कामून" विचारल्याशिवाय मी मार्क टाकत नाही. एका बॅचला दुप्पट वेळ लागतो, मामा वैतागलेत, आणि वाढलेल्या वेळेचे पैसे अर्थातच नाहीत.

परवा ती पोरगी लॅबच्या दारात आली. थिअरीचा पेपर जवळ आलाय. म्हणाली, "सर, पेपरात काय लिहू, प्लस वन का प्लस थ्री?"

मी म्हटलं, "दोन्ही लिही, कारणासकट."

"दोन मार्काचा प्रश्न हाय सर, दोन्ही लिहायला जागा कुठाय?"