दागिन्याची पाठ

कुंदनाचा हार हाती आला की मी तो आधी उलटा करून पाहते. पुढचे खडे पाहणाऱ्यांसाठी असतात. मागची मीनाकारी अंगाला टेकते आणि घालणारीशिवाय सहसा कुणाच्या नजरेसही पडत नाही. गंमत अशी की घडणीत हीच बाजू आधी पूर्ण होते. सोन्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून त्या खाचांत रंगीत काचेची ओली पूड भरतात आणि ती भट्टीत वितळवतात. ज्या रंगाला सर्वांत जास्त आच सोसते तो आधी आणि जयपूरचा प्रसिद्ध पण नाजूक लाल रंग सर्वांत शेवटी. खड्यांची पाळी त्यानंतरच येते, कारण दागिन्याच्या पोकळीत भरायची लाख भट्टीत टिकणेच शक्य नसते.

मग जडियाचे, म्हणजे खडे बसवणाऱ्या कारागिराचे, काम सुरू होते. तो लाखेत खडा बसवतो, तेज वाढावे म्हणून त्याच्याखाली चकचकीत वर्ख ठेवतो आणि कडेच्या फटीत जवळजवळ शुद्ध सोन्याची पातळ पट्टी अवजाराने दाबत दाबत भरतो. हे सोने इतके मऊ असते की डाख न देता, केवळ दाबाने, थरावर थर एकजीव होतो. त्या सोन्याचे, आणि त्यावरून या रीतीचेही, नाव कुंदन, आणि आपले ‘कोंदण’ त्याच्याच नात्यातले. म्हणूनच ‘कुंदन हवे की पोलकी?’ हा प्रश्न मला चमत्कारिक वाटतो: पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला हिरा आणि कुंदन म्हणजे तो बसवण्याची रीत.

जयपूरजवळच्या आमेरच्या राजा मानसिंहाने सोळाव्या शतकात लाहोरहून मीनाकार आणले, असे परंपरा सांगते. बनारसच्या गुलाबी मीन्याची तऱ्हा वेगळी. त्यात पांढऱ्या थरावर कुंचल्याने गुलाबी फुले रंगवतात.

आईच्या हारातला एक खडा मी साबणाच्या पाण्याने धुऊन कायमचा निस्तेज केला आहे. पाणी फटीतून थेट वर्खापर्यंत गेले. असे दागिने कोरड्या मऊ कापडानेच पुसावेत.

खरेदीत आणखी एक पेच आहे. 2021 मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने त्यातून वगळले गेले. त्यामुळे लाख आणि खडे वगळून निव्वळ सोने किती आणि ते किती कॅरटचे, हे मी पावतीवर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून उठत नाही.