रकूनसाहेब आणि आमची ग्रीन बिन
काल रात्री दोनला मागे धाडकन आवाज आला, म्हटलं चोर. लाईट लावला तर डेकवर रकूनसाहेब (डोळ्यांवर काळा पट्टा असलेला, कचऱ्यात हात घालणारा इथला प्राणी) बसलेत, दोन्ही पंजांत आपण खाऊन टाकलेलं मक्याचं बुरकुंड, फिरवून फिरवून बघतायत. हाड हाड केलं तर एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत चालू. टोरंटोने २०१६ मध्ये खटकावाल्या ग्रीन बिन (ओल्या कचऱ्याचे डबे) दिल्या खऱ्या, पण खटका लावला तर ना (कोण विसरलं ते लिहीत नाही, घरात राहायचंय).

सकाळी बघतो तर लॉन चटईसारखं गुंडाळलेलं, खालच्या हुमण्या (मुळं खाणाऱ्या अळ्या) खायला. गावाकडे उसात हुमणी लागली की आजोबा शिव्या घालायचे, ती इथे टोरंटोतल्या स्कारबरोतही सुटली नाही.

भाऊ म्हणतो पकडून लांब सोड, अरे पण आमच्या ऑन्टारिओ प्रांतात १ किलोमीटरच्या बाहेर सोडायला कायद्याने बंदी आहे. डेकखालच्या भोकात पेपरचा बोळा कोंबून ठेवला होता, तीन दिवस हलला नाही म्हणजे आत पिल्लंबिल्लं नाहीत, मग आज जाळी ठोकली, फूटभर जमिनीत पुरून खालचं टोक बाहेर वळवलं. कंबर गेलीय. बिन आज गॅरेजमध्ये झोपणार.