आज फक्त लुट्झ
पाऊण तास लुट्झ एके लुट्झ, म्हणजे फिगर स्केटिंगमधली मागे सरकत घ्यायची एक उडी. एकही धड उतरली नाही. उजवं टोपिक (पात्याच्या टोकाचे दाते) बर्फात रुतवताना डावा पाय पात्याच्या बाहेरच्या कडेवर हवा. माझा घोटा ऐन वेळी आत कलंडतो आणि लुट्झची फ्लिप (आतल्या कडेवरून घ्यायची वेगळी उडी) होते. मग निकालपत्रात उडीपुढे ‘ई’ (म्हणजे चुकीची कड) आणि गुण वजा.

भर सीझनमध्ये असले उद्योग करू नयेत म्हणतात. खरंय. जुनी सवय मोडली, नवी अंगवळणी पडेना, मधल्या मध्ये मी बर्फावर आडवी!

शेवटी सरांनी सिंगल, म्हणजे हवेत एकाच गिरकीची, मारायला लावली. (लहान पोरी बघत होत्या, असो.) सातव्या-आठव्या वेळी वाकून पात्याची बर्फावरची खूण पाहिली, तर रेघेचं शेपूट आत वळलेलं नव्हतं. फोटो काढून ठेवलाय. या स्पर्धेत ट्रिपलऐवजी डबलच मारणार.