डोळ्यांत थेंब घालता का, काका?

"पाच-सहा भोकंच पाडणार ना, मॅडम? मग भूलही थोडीच लागेल." प्रोस्टेटच्या रोबोटिक ऑपरेशनआधी माझ्याकडे, म्हणजे भूलतज्ज्ञाकडे, तपासणीला आलेले काका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले.

भोकं सर्जनची लहान, काका. माझं काम उलट वाढतं. पोटात १२ ते १५ मिमी पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांची जागा कमी होते. वायू रक्तात शोषला जातो, तो व्हेंटिलेटरने बाहेर काढायचा. शिवाय टेबल डोक्याकडून २५-३० अंश खाली, तेही काही तास.

म्हणून मी जिन्याचं विचारते. दोन मजले न थांबता चढता? "अगदी!" काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "पहिल्या मजल्यावर रोज चपलेचा पट्टा नीट करतात." मी कागदावर चपलेचा पट्टा लिहिला नाही, 'इको' लिहिलं, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

घोरण्याचं उत्तरही काकूंनीच दिलं, जरा जास्तच सविस्तर.

गोळ्यांच्या यादीत मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन होती. ती ३ दिवस आधी बंद. साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि उपाशीपोटी तो धोका वाढतो.

मग थेंबांचा प्रश्न. काका हसले, "ऑपरेशन खालचं आहे, मॅडम!" पण काकूंच्या पिशवीतून बाटली निघाली. काचबिंदूची, कित्येक वर्षांपासूनची. थेंब म्हणजे औषध थोडंच, म्हणून यादीत नव्हते. हे मला नेहमी भेटतं. डोकं खाली असलं की डोळ्यातला दाब चढतो, आणि काचबिंदूत नस आधीच नाजूक असते. आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं.

हे सगळं आजच, कारण रोबोटचे हात एकदा जोडले की काका माझ्या हाताशी उरत नाहीत. त्यांचे हात अंगालगत बांधलेले, वर यंत्र. सुई, नळ्या सगळं आधीच लावून ठेवायचं. हृदय थांबलंच तर आधी रोबोट सोडवायचा, मग छाती दाबायची. आमची टीम त्याची रंगीत तालीम करते. हे मात्र काकांना सांगितलं नाही.

जागे झाल्यावर चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतील, खांदा दुखेल, घाबरू नका, एवढं सांगितलं.

"आणि घोरणं?" काकूंनी विचारलं.

"ते तसंच राहील, काकू."