वाफ्याची कड विटांची नको, झाडांचीच हवी

पाऊस उघडलाय म्हणून आज दिवसभर आई आणि मी परसात, वाफ्यांच्या कडा लावत होतो. उताराच्या बाजूला गवती चहाचे ठोंब, दीड-दोन फुटांवर एकेक, कारण त्याची मुळं माती इतकी घट्ट धरतात की पावसात वाफा वाहून जात नाही आणि शिवाय सकाळच्या चहाला पात हाताशी. वांगी-टोमॅटोच्या कडेला मात्र झेंडूच! तो नुसता शोभेचा नाही हो, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत, कमी होतात, म्हणून तर शेतकरीसुद्धा टोमॅटोत झेंडू घेतात. पुढच्या बाजूला आईने लसणाच्या पाकळ्या टोचल्या, पात कापली की परत फुटते. पानओव्याची तर कांडी मोडून खोचली तरी जगते, आणि जाता-येता त्या जाड लवदार पानांना हात लागला की काय वास येतो!! पुदिना फक्त कुंडीत, कडेला लावला तर पसरत पसरत अख्खा वाफा खातो.

जवळपास कुणाला गवती चहाचे ठोंब हवे असतील तर सांगा, भरपूर उरलेत.